सुई हिरवी, तरी सूर खटकतो! व्हायोलिनच्या ट्यूनरविषयी वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात तारा कधी बदलाव्यात याविषयी लिहिलं, आणि पत्रं आली ती बहुतेक सगळी ट्यूनरविषयी, म्हणजे तार कुठल्या सुरात आहे ते सुईने किंवा दिव्याने दाखवणाऱ्या छोट्या यंत्राविषयी. मी व्हायोलिन शिकवते आणि दुरुस्तही करते, त्यामुळे शिष्याची तक्रार आणि वाद्याची तक्रार या दोन्ही माझ्याच टेबलावर येतात. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. काही पत्रं फार लांब होती, ती मी छाटली. राग मानू नये.

प्रश्न : ताई, क्लिपच्या ट्यूनरवर चारही तारा अगदी मधोमध, हिरव्या येतात. पण डी आणि ए एकत्र वाजवल्या की आवाज हेलकावतो, काहीतरी खटकतं. माझा कान कच्चा आहे की ट्यूनर बिघडलाय?

दोन्ही ठणठणीत आहेत. (नवख्यांसाठी: व्हायोलिनच्या चार तारा खालून वर जी, डी, ए आणि ई.) तुम्हाला जे ऐकू येतंय ते खरंच तिथे आहे, आणि ते ऐकू येतं याचा आनंद माना.

ट्यूनर सप्तकाचे बारा सारखे भाग करतो. प्रत्येक भाग १०० सेंटांचा, म्हणजे सप्तक १२०० सेंटांचं. या हिशेबात षड्ज ते पंचम हे अंतर बरोबर ७०० सेंट. पियानो आणि हार्मोनियम असेच लावलेले असतात. पण कानाला जो शुद्ध पंचम लागतो त्याचं प्रमाण २ ला ३ असतं आणि तो भरतो जवळजवळ ७०२ सेंट. व्हायोलिनच्या शेजारशेजारच्या तारांमध्ये नेमका हाच संबंध असतो. म्हणजे ट्यूनरच्या मधल्या रेघेवर आणलेली तारांची प्रत्येक जोडी दोन सेंट आखूड राहते.

दोन सेंट म्हणजे काहीच नाही असं वाटेल. एकेकटी तार ऐकली तर ते खरंही आहे. जोडीत मात्र गोष्ट वेगळी. ए ४४० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ४४० कंपनं, असेल तर तिच्यातला दुसरा स्वयंभू स्वर (मूळ सुरात आपोआप मिसळलेला, त्याच्या दुप्पट कंपनांचा) ८८० वर असतो. डी शुद्ध पंचमात, म्हणजे २९३.३३ वर असेल तर तिचा तिसरा स्वयंभू स्वर त्याच ८८० वर येऊन बसतो आणि दोन्ही एकजीव होतात. ट्यूनर डीला २९३.६६ वर आणतो. त्याची तिप्पट साधारण ८८१. एकीकडे ८८०, दुसरीकडे ८८१, म्हणून दर सेकंदाला एक लहर उठते. तुमचा हेलकावा हाच. ए आणि ई घेतल्या तर लहर आणखी जलद, दोन सेकंदांत तीन; जी आणि डीमध्ये ती संथ, तीन सेकंदांत दोन.

तेव्हा ट्यूनरचा उपयोग एकाच तारेसाठी करा. ए त्याच्याकडून घ्या आणि मग त्याच्याकडे पाठ फिरवा. ए आणि डी एकत्र, लांब आणि हलका बो (गज). खुंटी किंवा बारीक स्क्रू फिरवताना लहर संथ होत जाते, आणखी संथ, मग थांबते. थांबल्यावर थोडं पुढे जाऊन पाहा. ती पुन्हा सुरू होईल. तिथून मागे या. मग डीवरून जी, आणि शेवटी एवरून ई. सगळं झाल्यावर हवं तर ट्यूनरला साक्षीला बोलवा. डी दोन सेंट खाली, जी चार सेंट खाली आणि ई दोन सेंट वर दिसली तर तुम्ही वाद्य उत्तम लावलंय. जी दहा सेंट खाली असेल तर मात्र बो दाबून ओढत होता.

पियानोबरोबर वाजवायचं असेल तर मी ट्यूनरच्या रेघा जशाच्या तशा चालवून घेते, कारण पियानो हलणार नाही, हलायचं आपल्यालाच. चार वाद्यांच्या चौकडीतही पंचम किंचित आखूड ठेवणारे पुष्कळ आहेत. व्हायोलाची (व्हायोलिनहून थोड्या मोठ्या वाद्याची) सर्वांत जाड सी तार शुद्ध पंचमांनी खाली खाली आणली तर ट्यूनरच्या सीपेक्षा सहा सेंट उतरते. मग व्हायोलिनच्या मोकळ्या ईशी तिचा गांधार फार चढा होतो आणि दोघांची तोंडं वाकडी होतात.

प्रश्न : क्लिपचा ट्यूनर घ्यावा की मोबाइलमधलं ॲप पुरे? आणि घेताना काय पाहावं? दुकानदार फक्त ‘अचूक आहे’ एवढंच म्हणतो.

एकटे बसून, शांत खोलीत वाजवत असाल तर ॲप पुरे. ॲप हवेतला आवाज ऐकतं, म्हणून शेजारी कुणी वाजवू लागलं की बिचारं गोंधळतं. क्लिपचा ट्यूनर लाकडाचं कंपन घेतो. त्याच्या चिमट्यात कंपन टिपणारी चकती असते, त्यामुळे आजूबाजूला दहा जण आपापली वाद्यं लावत असले तरी तो तुमच्याच वाद्याकडे लक्ष देतो. समूहात वाजवणाऱ्याने क्लिपचाच घ्यावा.

अचूकतेच्या आकड्यांवर फार जाऊ नका. बहुतेक ट्यूनर एखाद्या सेंटाच्या आत असतात आणि आपल्याला तेवढं पुष्कळ झालं. एक दशांश सेंटापर्यंत दाखवणारे स्ट्रोब ट्यूनरही मिळतात. त्यांची मूळ कल्पना जुनी आहे. कॉन कंपनीचा स्ट्रोबोकॉन १९३६ मध्ये आला. त्यात फिरत्या चकत्यांवरची नक्षी सूर जुळला की जागच्या जागी थांबलेली दिसे. आता तीच नक्षी पडद्यावर उमटते. पियानो लावणाऱ्याला, वाद्य बनवणाऱ्याला तो सोन्यासारखा. बोने वाजणाऱ्या तारेचा सूर मात्र हाताच्या दाबानेच त्याहून कितीतरी जास्त हलतो, म्हणून शिकणाऱ्याच्या हातात तो दिला की तासभर नक्षी थांबवण्यात जातो आणि वाजवणं राहून जातं.

मी स्वतः तीन गोष्टी पाहते. पहिली, तो क्रोमॅटिक असावा, म्हणजे बाराही स्वर ओळखणारा. फक्त व्हायोलिनच्या चार तारा ओळखणारा नको. का ते पुढच्या उत्तरांत येईलच. दुसरी, एची कंपनसंख्या बदलता यावी आणि ती पडद्यावर सतत दिसावी. तिसरी, वाजवण्याच्या स्थितीत, मान न वळवता पडदा दिसावा. ही तिसरी गोष्ट कुणी तपासत नाही. गिटारसाठी केलेले मोठे चिमटे स्क्रोलवर, म्हणजे व्हायोलिनच्या वळसेदार टोकावर, लावले की पडदा बरोबर उलट्या दिशेला जातो. काही छोटे ट्यूनर हनुवटीच्या पट्टीजवळ वाद्याच्या कडेला बसतात, ते डोळ्यांच्या अगदी समोर येतात. दुकानात व्हायोलिन खांद्यावर घेऊन पाहा. लाजू नका.

ब्रिजला, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या उभ्या लाकडी पट्टीला, मात्र क्लिप कधी लावू नका. तिथे वजन पडलं की ब्रिजचं हलणं कमी होतं आणि आवाज म्यूट लावल्यासारखा घुसमटतो.

प्रश्न : बाकी तीन तारा नीट दाखवतो, पण जी वाजवली की ट्यूनर कधी जी, कधी डी म्हणतो आणि कधी काहीच नाही. बॅटरी बदलली, तरी तेच.

बॅटरीचा दोष नाही, व्हायोलिनचा आकार लहान असल्याचा आहे. जीचा मूळ सूर १९६ हर्ट्झचा. व्हायोलिनच्या पोकळीतली हवा साधारण २७० ते २८० हर्ट्झच्या आसपास सर्वांत जोरात साथ देते, आणि त्याच्या बऱ्याच खाली आवाजाला लाकडाचं पाठबळच मिळत नाही. म्हणून जीचा मूळ सूर क्षीण निघतो आणि तिच्यातले स्वयंभू स्वर जास्त ठळक असतात. त्यातला तिसरा स्वर म्हणजे वरचा डी. आपला मेंदू सगळे स्वर एकत्र करून ‘जी’ म्हणतो. ट्यूनरच्या कानावर डीच जोरात पडतो. वर शेजारची मोकळी डी तारही सहानुभूतीने थरथरू लागते आणि गोंधळात भर घालते.

उरलेल्या तिन्ही तारांवर डाव्या हाताची बोटं हलकी टेकवून त्या गप्प करा. बो ब्रिजपासून थोडा दूर, फिंगरबोर्डच्या (बोटं जिच्यावर पडतात त्या पट्टीच्या) टोकाजवळ, वजन न देता चालवा. नाहीतर बोटाच्या मांसल भागाने तार छेडा आणि पहिला टणत्कार विरल्यावर सुईकडे पाहा. छेडल्याक्षणी तार किंचित चढी असते, मग खाली येऊन स्थिरावते. घाई केली तर तुम्ही चढा सूर धरून वाद्य उतरवून ठेवाल. बोचं उलटं आहे: जोरात दाबला की सूर थोडा उतरतो. म्हणून मी बोनेच लावते, पण अगदी हलक्या हाताने, जशी पुढे वाजवणार आहे तशी.

ॲपमध्ये हा त्रास जास्त होत असेल तर फोन जवळ आणा. बोलण्यासाठी बनवलेला तो माइक आहे, त्याच्याकडून खालच्या सुरांची फार अपेक्षा नको.

प्रश्न : मुलगी नऊ वर्षांची. ट्यूनर लावून स्वतः वाद्य लावते, पण ई तार वारंवार तुटते. तार खराब की ट्यूनर?

तिच्याजवळ बसून एकदा पाहा, बहुतेक तिथेच कळेल. ई उतरून पार सी किंवा डीपर्यंत आली असेल तर चार तारांपुरता असलेला ट्यूनर जवळची तार शोधतो आणि ‘डी’ म्हणतो. किंवा तार आधीच वर गेलेली असते आणि मूल ती आणखी वर नेत राहतं, पुढचा हिरवा दिवा लागेपर्यंत. त्याआधी तार ‘टण्’ करते. क्रोमॅटिक ट्यूनरवर अक्षराशेजारी सप्तकाचा आकडा दिसत असेल तर तो तिला शिकवा: जी ३, डी ४, ए ४, ई ५. आकडा नसेल तर पियानोवर किंवा फोनवर तो स्वर वाजवून आधी गुणगुणायला सांगा. गुणगुणता आला की तार कुठे चालली आहे ते कानच सांगतो.

ई बहुधा पोलादी आणि फार बारीक असते. तिच्यासाठी खुंटीला हातच लावू द्यायचा नाही, टेलपीसवरचा (तारांची खालची टोकं अडकवतात त्या पट्टीवरचा) बारीक स्क्रू पुरे. स्क्रू आत जाऊन संपला असेल तर तो मोकळा करून खुंटीने तार थोडी ओढायची, हे काम तुमचं. आणि तार नेहमी एकाच जागी तुटत असेल तर ट्यूनरला सोडा. ब्रिजवरच्या किंवा वरच्या नटमधल्या (खुंट्यांजवळ तारा ज्यावरून जातात त्या छोट्या पट्टीतल्या) खाचेत धार असणार. ती घासून देणं हे दुरुस्ती करणाऱ्याचं पाच मिनिटांचं काम आहे.

आणखी एक. खुंट्या फिरवून फिरवून ब्रिजचा वरचा काठ फिंगरबोर्डकडे झुकत जातो. ट्यूनरवर नजर खिळली की हे दिसत नाही आणि एक दिवस ब्रिज धाडकन आडवा पडतो. वाद्य लावून झालं की बाजूने पाहायचं: टेलपीसकडची बाजू पोटाच्या लाकडाशी काटकोनात दिसली पाहिजे. चारही तारा एकदा लावल्या की पुन्हा पहिलीपासून फेरी मारायची, कारण एक तार ताणली की वाद्यावरचा दाब बदलतो आणि आधी लावलेल्या तारा थोड्या सरकतात. नव्या शिष्यांना वाटतं ट्यूनर खोटं बोलतोय.

प्रश्न : घरी सगळं बरोबर, पण समूहात गेलो की मी एकटाच उतरलेला.

ट्यूनरवर एचा आकडा काय आहे ते बघा. ४४० हे आंतरराष्ट्रीय मानक आहे (आयएसओ १६, १९५५ सालचं, १९७५ मध्ये पुन्हा कायम केलेलं), पण ते पाळलंच पाहिजे असं कुठल्याही वाद्यवृंदाला वाटत नाही. ४४२ वर लावणारे पुष्कळ आहेत, ४४३ वरचेही आहेत. ४४० आणि ४४२ मधलं अंतर जवळजवळ आठ सेंट, म्हणजे कानाला बोचेल इतकं. जुन्या बरोक संगीतासाठी ४१५ धरतात, तो तर चक्क अर्धस्वर खाली. फ्रान्समध्ये १८५९ साली कायद्याने ४३५ ठरवला होता. थोडक्यात, ए हा ज्याच्या त्याच्या दारातला असतो.

दुसरी शक्यता अगदी साधी: पिशवीत बटण दाबलं जाऊन आकडा ४३८ झालेला असतो. चारही तारा हिरव्या दिसतात आणि चारही उतरलेल्या असतात.

प्रश्न : बोटं बरोबर पडावीत म्हणून मी रोज ट्यूनर समोर ठेवूनच वाजवतो. सरांनी बंद करायला सांगितलं. का?

सर बरोबर आहेत, पण पूर्ण बंद करायची गरज नाही. सूर लागण्याच्या आधी सुई काही सांगू शकत नाही. ती नेहमी झाल्यावर सांगते. मग बोट पडतं, डोळा सुईवर जातो, बोट सरकतं. काही महिन्यांनी ते सरकणंच हाताच्या सवयीत बसतं. प्रत्येक स्वराला खालून घसरत येणारे विद्यार्थी मी ओळखते. विचारलं की ट्यूनर निघतो.

शिवाय सुई ज्याला बरोबर म्हणते ते संगीतात प्रत्येक वेळी बरोबर नसतं. मोकळ्या डीवर एफ शार्प, म्हणजे डीला षड्ज मानलं तर शुद्ध गांधार, जोडीने वाजवून पाहा. तो गोड लागेल तिथे ट्यूनर जवळजवळ १४ सेंट उतरलेला दाखवेल. त्याच्या म्हणण्याप्रमाणे वर नेला तर तोच गांधार करकरू लागतो. उलट, डीमधल्या चालीत सी शार्प वर डीकडे झेपावत असेल तर बरेच वादक तो ट्यूनरच्या रेघेपेक्षा किंचित चढाच घेतात. व्हायब्रेटोमध्ये, म्हणजे बोट हलवून सूर थरथरवताना, तर सुई नाचतेच, तिच्याकडे बघून काय मिळणार?

मी असं करायला लावते: ट्यूनरमध्ये सतत वाजणारा सूर देण्याची सोय असते, तो डीवर सुरू ठेवायचा आणि पडदा उलटा करायचा. त्या सुरावर संथपणे स्वर लावायचे. एखाद्या बोटाबद्दल वाद झालाच, तुमचा आणि तुमच्या कानाचा, तर डोळे मिटून स्वर धरायचा, स्थिर झाल्यावर डोळे उघडायचे आणि सुई कुठे आहे एवढंच नोंदवायचं. बोट हलवायचं नाही. रोज तेच बोट त्याच बाजूला सापडलं तर दुरुस्तीची दिशा कळली.

प्रश्न : लोकसंगीतातल्या काही धून ए-ई-ए-ई अशा लावणीत असतात म्हणे. शास्त्रीयसाठी सा-प-सा-प लावायचं तर ट्यूनर कसा वापरू?

इथेच क्रोमॅटिक ट्यूनर हवा. अमेरिकेतल्या ॲपलाचियन डोंगराळ भागातल्या फिडलवादनात ए-ई-ए-ई लावणी सर्रास चालते. त्यात वरच्या दोन तारा तशाच, जीची ए आणि डीची ई करायची, म्हणजे दोन्ही पूर्ण स्वराने वर. एकदम नेऊ नका. थोडी एक, थोडी दुसरी, मधूनमधून ब्रिजकडे नजर. तारा जुन्या असतील तर त्याऐवजी वरच्या दोन तारा एक पूर्ण स्वर खाली घेऊन जी-डी-जी-डी करा, संबंध तेच राहतात आणि लाकडावर ताण येत नाही.

सा-प-सा-पसाठीही तसंच. आधी षड्ज कुठला ते पक्कं करा, मग ट्यूनरवर फक्त तेवढा षड्ज घ्या. पंचम तानपुऱ्याबरोबर कानाने. खालचा सा आणि वरचा सा सप्तकाच्या अंतरावर आहेत, तिथे ट्यूनर आणि कान यांचं भांडण नाही. ते त्याच्यावर तपासता येतं. पंचम त्याच्यावर तपासला तर तो दोन सेंट चढा म्हणेल. म्हणू द्या.

प्रश्न : क्लिप स्क्रोललाच लावून ठेवली तर चालेल का? रोज काढायचा कंटाळा येतो.

काढा. चिमट्याच्या रबराची काही प्रकारच्या वार्निशशी रासायनिक प्रक्रिया होऊ शकते आणि त्या जागी चिकट, मंद डाग पडतो. दोन-तीन तासांत काही होत नाही, महिनोन्‌महिने एकाच जागी राहिली तर होतं. बंद पेटीत तर उष्णता आणि दाब दोन्ही असतात, वर पेटीचं झाकण क्लिपवर बसून स्क्रोलला रेटतं. क्लिपसाठी पेटीच्या कप्प्यात, राळेच्या डबीपासून लांब जागा करा. राळेची पूड पडद्यावर बसली की आकडे वाचता येत नाहीत.